तिसऱ्या हाकेपर्यंत

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत शेजारणींना सांगत राहिल्या, ‘आमची सून सर्वेत आहे.’ मी दोन-चारदा त्यांना समजावून पाहिलं आणि नाद सोडला. मी मूल्यमापन करत असे. हे काय प्रकरण आहे असं कोणी विचारलंच, तर मी लग्नाचं उदाहरण देते. मांडव सुटला की पाहुण्यांच्या घरोघरी जायचं आणि जेवण कसं होतं, मानपानात कोण रुसलं, पंगतीत शेवटी बसलेल्यांना बुंदी मिळाली का, हे विचारून यजमानाला सांगायचं. यजमानाला यातलं काहीही ऐकायचं नसतं. पाहुण्यांनाही वाईटपणा नको असतो. ‘छान झालं’ म्हणून ते मोकळे होतात. या दोन ‘छान झालं’च्या मधून खरं काय ते काढणं, एवढाच आमचा धंदा.

योजना सरकारी असो नाहीतर संस्थेची, संपत आली की आमची गाडी गावात शिरायची. आमच्या अहवालाचं शेवटचं प्रकरण म्हणजे ‘मिळालेले धडे’. माझी उभी हयात त्या प्रकरणात गेली. धडा सापडणं निराळं आणि शिकणं निराळं, हे मला फार उशिरा कळलं. ‘योजना आखण्याआधी लोकांना विचारायला हवं होतं’ हे वाक्य मी इतक्या अहवालांत घातलं, की आमच्या यवतमाळच्या ऑफिसातले टंकलेखक ते मी सांगायच्या आधीच टाइप करून ठेवत. आणि काहीच सापडलं नाही, तर एक रामबाण वाक्य होतं: ‘जनजागृती कमी पडली.’ डॉक्टरला ताप कळला नाही की तो व्हायरल म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. सगळा दोष लोकांवर जातो आणि कोणी रागावतही नाही.

गमतीही पुष्कळ झाल्या. केळापूर तालुक्यात शेळीवाटपाच्या योजनेची पाहणी होती. जाऊ तिथे गोठा भरलेला, लाभार्थी हसतमुख. शेवटच्या गावात एक कान फाटलेली शेळी माझ्याकडे ओळखीनं बघू लागली. सकाळी पहिल्याच गावात तिनं माझ्या पदराचं टोक चघळलं होतं. बिचारी टेम्पोत बसून आमच्या पुढे पुढे मुक्काम करत होती. मी आरडाओरडा केला नाही. डब्यातली अर्धी पोळी तिला घातली आणि धडा लिहिला, की पाहणीला जाताना आधी कळवू नये. पुढच्या पाहणीचं पत्र ऑफिसनं रीतसर आठवडाभर आधी पाठवलं.

अशा गोष्टी सांगत बसले तर हा अंक पुरायचा नाही. मला सांगायचं आहे ते महागाव तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावाबद्दल. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. निवृत्तीच्या आधीचं माझं ते जवळजवळ शेवटचंच काम, आणि त्या कामातला एक धडा मी अहवालात अर्धाच लिहिला आहे. उरलेला अर्धा आज लिहिते.

योजना पुराच्या सूचनेची होती. वर धरणातून पाणी सोडलं, की गावातल्या यंत्राला संदेश जायचा आणि ग्रामपंचायतीच्या गच्चीवरचा भोंगा आपोआप बोलायचा. कल्पना चांगली होती. त्याहून चांगलं म्हणजे आवाज गावातल्याच माणसाचा घ्यायचं ठरलं होतं, कारण शहरी आवाजाला खेड्यात कोणी भीक घालत नाही. त्या गावात फुलामायचा आवाज घेतला. नाव पंचफुला, पण लहानथोर सगळे फुलामाय म्हणत. रेशन आलं, डोस पाजायला नर्सबाई आल्या, की गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाक घालणारी बाई ती. तिची हाक नदीच्या पल्याडचा गुराखी ऐकायचा म्हणे.

आदल्या पावसाळ्यात, पहिल्याच मोठ्या पुरात योजना फसली. दिवस उगवायच्या बेताला, आभाळ भरून अंधारलेलं असताना भोंगा बोलला आणि नदीकाठच्या गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. शेवटी फुलामाय स्वतः दारोदार हाका मारत फिरली. गल्ली वाचली. ती मात्र नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे बिनकठड्याच्या ठेंगण्या पुलावरून, वाहून गेली. ऑफिसचं म्हणणं तयारच होतं: लोकांनी सूचनेकडे दुर्लक्ष केलं, जनजागृती कमी पडली, सबब यापुढे जिल्ह्याच्या ठिकाणी ध्वनिमुद्रित केलेला अधिकृत आवाज वापरावा. पावसाळा तोंडावर होता. मी जाऊन यायचं आणि या वाक्यांवर शिक्का मारायचा, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती.

मी पोचले तो शनिवार होता. ऊन तापलेलं. नदीकाठच्या गल्लीतून चालले होते. एका ओट्यावर बायका कुरड्या उलथत होत्या, बोलणं-हसणं चाललं होतं. तेवढ्यात डोक्यावर भोंगा खरखरला आणि एका बाईचा आवाज गल्लीभर भरला.

“बाया-बापे हो, पानी येऊन राह्यलं. लेकरं घ्या, ढोरं सोडा, शायेकडे चढा.”

शाया म्हणजे शाळा, ती गावाच्या चढावर. दर शनिवारी यंत्राची चाचणी होते हे मला ठाऊक होतं. म्हणून मी त्या आवाजाकडे नाही, बायकांकडे पाहिलं. सगळ्यांचे हात जिथल्या तिथे थांबले होते आणि प्रत्येकीनं पदर तोंडावर धरला होता, घट्ट. एक तान्हं आवाज काढायला लागलं, तर आईनं त्याचं तोंड छातीत दाबून धरलं. आवाज संपला. भोंगा पुन्हा खरखरला आणि बंद झाला. मग पदर खाली आले, कुरड्या उलटू लागल्या आणि बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं. मला वाटलं, गेलेल्या बाईला मान देण्याची ही रीत असेल.

फुलामायची मुलगी करुणा त्याच गल्लीत राहते. तिची पिठाची चक्की आहे, नवरा पुसदला कामाला जातो. तिशीची, हाडापेरानं मजबूत, आईसारखीच ठणठणीत आवाजाची. मी गेले तेव्हा चक्की बंद होती आणि दारही. मी हाक मारली, “करुणा.” आत कोणीतरी हललं, पण उत्तर नाही. पुन्हा मारली. शांत. तिसऱ्यांदा मारली तेव्हा “ओ” आलं आणि दार उघडलं.

तिथे मला माझी आई आठवली. आम्हीही मूळचे याच भागातले. अंधारात, आडवेळी कोणी नावानं हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, अशी आमच्याकडे ताकीद असे. हाकामारी म्हणजे हाक मारून माणसं नेणारी हडळ. ती आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावते, पण एकदाच. एका हाकेला ओ दिलीस तर तिच्याबरोबर गेलीस. जिवंत माणूस तीनदा हाक मारतो, तेव्हा तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. हे सगळं मी लहानपणी ऐकलं होतं आणि यवतमाळात येऊन पंखा, ट्यूबलाइट आणि नोकरीत विसरूनही गेले होते.

करुणाला मी एवढंच विचारलं, की त्या पहाटे भोंगा किती वेळा बोलला. ती म्हणाली, एकदाच. बॅटरी सौरऊर्जेची, ती पुरावी म्हणून यंत्र एकदा बोलून गप्प बसायचं. गल्लीतली झाडून सगळी माणसं जागी होती. अंथरुणात उठून बसली होती, दुसऱ्या हाकेची वाट बघत. दिवसा चाचणीला हसणारी माणसंच ती, भोंगा मशिनचा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण काळोख्या पावसात ओळखीचा आवाज एकदाच येऊन थांबला, तेव्हा मशिन कोणाला आठवलं नाही, आईची ताकीद आठवली. यंत्र बसवणाराही याच जिल्ह्यातला, त्याच्या आईनंही त्याला हेच सांगितलं असणार. चाचण्या मात्र सगळ्या भर दुपारी, बाजाराच्या गलक्यात झाल्या होत्या.

फुलामायला ते लगेच कळलं. एकही दार उघडेना तशी ती लुगडं खोचून निघाली आणि प्रत्येक दाराशी तीन-तीन हाका घालत गेली.

एवढ्यावर माझा अहवाल झाला असता. पण आमच्या कामात घटनाक्रम लावावा लागतो, म्हणजे काय कशाच्या आधी झालं ते. त्यासाठी आम्ही गावातल्या मोकळ्या जागेत रांगोळीनं गावाचा नकाशा काढतो आणि लोकांना खडे ठेवायला लावतो. अक्षर न येणारं माणूसही खड्यानं बरोबर सांगतं. दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिरासमोर मी नदी काढली, नाला काढला, नाल्यावरचा रपटा आणि पलीकडचा बंजाऱ्यांचा तांडा काढला. म्हटलं, फुलामायनं तुमच्या दाराशी हाक घातली असेल तिथे एक खडा ठेवा. एकेक जण वाकून ठेवू लागला. खड्यांची रांग गल्लीच्या वरच्या टोकापासून खाली खाली येत नाल्याशी पोचली. शेवटचा खडा किराणावाल्या वानखडेभाऊंचा. त्यांचं दुकान रपट्याला लागून. त्यांनी तिला डोळ्यांनी रपट्यावर उतरताना पाहिलं होतं, पाणी आलं तेही पाहिलं होतं. तेव्हा पलीकडे तांड्यात एक दिवा नव्हता, सगळी दारं लागलेली होती, असं त्यांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे न बघता रांगोळीकडे बघत होते.

मग तांड्यातली सोनीबाई उठली. म्हातारी, काठी टेकत आली, रांगोळीतला नाला ओलांडला आणि पलीकडे आपल्या घराच्या जागी एक खडा ठेवला.

मी समजावून सांगितलं, की आजी, खडा फक्त दाराशी हाक आली असेल तरच. भोंगा ऐकला असेल तर नाही.

“दाराशीच आलती,” सोनीबाई म्हणाली. “मले ते याडी म्हने, आमच्या बोलीत माय. गावात दुसरं कोनी म्हनत नाही. ‘ऊठ याडी, ऊठ याडी, ऊठ याडी.’ तिसऱ्या खेपेले म्या कडी काढली. दारात कोनी नव्हतं, उंबरा ओला होता.”

तिच्यामागून तांड्यातली बाकीची माणसं आली आणि आपापले खडे ठेवून गेली. रांग रपट्यावर तुटून पलीकडे पुन्हा सुरू होत होती. तांड्यातलं एकही माणूस त्या दिवशी बुडालं नव्हतं, ही गोष्ट सरकारी पंचनाम्यातही आहे. मी जन्मभर पुरावा मागत आलेली बाई. वानखडेभाऊंना वेळ नीट आठवत नसेल, सोनीबाईला स्वप्न पडलं असेल, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. मग विचारलं, की यातला कुठला खडा कोणाला हलवायचा आहे का. कोणी हललं नाही. खरं सांगायचं तर एवढ्या दिवसाउजेडी, एवढ्या माणसांत मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. रांगोळी पुसायची वेळ आली तेव्हा पलीकडच्या खड्यांना माझा हात लागेना. शेवटी ते करुणानं उचलले आणि ओच्यात घेऊन गेली.

संध्याकाळी तिच्याकडे चहाला गेले. ऑफिस भोंग्यातला आवाज बदलणार आहे, हे तिच्या कानावर आलं होतं. मला वाटलं, ती सुटकेचा श्वास टाकेल. आठवड्यातून एकदा मेलेल्या आईचा आवाज डोक्यावर कोसळणं म्हणजे काही सुख नाही. पण तिनं चहाची पितळी खाली ठेवली.

“शनवारी माय हाक घालते,” ती म्हणाली. “एकच. एका हाकेले ओ देऊ नये, हे मले तिनंच शिकवलं. मी तोंडात पदर कोंबून बसते ताई. तिची सखी लेक, अन् ओ देत नाही. तिले काय वाटत असन?”

मी आवाज काढून टाकायला सांगू का, असं विचारलं.

“काढू नका. ते अर्ध्यातच राहून जाईन. मायले तीनदा बोलू द्या. मंग मी ओ देईन, अन् मंग तुमाले जे कराचं ते करा.”

त्या रात्री मी मुक्कामाला यवतमाळला परतले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात भांडले. हाक तीनदा, आणि आवाज तोच, एवढीच माझी मागणी. साहेबांनी बॅटरीचं सांगितलं. मग एकसारखेपणाचं सांगितलं, की सगळ्या गावांना एकच आवाज असला तर देखभाल सोपी. मग चष्मा काढून म्हणाले, मॅडम, अंधश्रद्धेला आपण अहवालात जागा द्यायची का? मी म्हटलं, साहेब, तुम्ही फोन पहिल्या रिंगला उचलता का? ते हसले. मी हसले नाही. सांगितलं, की गावाची समजूत खरी की खोटी हे ठरवायला मला पाठवलं नव्हतं, माणसं का उठली नाहीत हे शोधायला पाठवलं होतं. ते शोधलं आहे. आता पावसाळ्यात पुन्हा तीच माणसं अंथरुणात जागी बसून राहिली, तर धडा सापडूनही आपण नापासच. मी सहसा इतकं स्पष्ट बोलत नसे. निवृत्ती जवळ आली की जिभेला धार येते. साहेबांनी एक चाचणी करून बघायला परवानगी दिली आणि आत्राम नावाच्या तंत्रज्ञांना माझ्याबरोबर धाडलं.

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो. आत्राम यंत्राशी खटपट करायला ग्रामपंचायतीत थांबले. गावात दवंडी दिलेली होती, की आज फुलामाय तीनदा बोलणार. मी करुणाच्या अंगणात बसले. तिनं न्हाऊन धुवट लुगडं नेसलं होतं, चक्की बंद ठेवली होती आणि दार आतून लावून घेतलं होतं. गल्लीतली सगळीच दारं लागलेली होती. कुत्रीसुद्धा कुठे दिसत नव्हती. उन्हानं पत्रे तडतडत होते, बाकी काही नाही.

भोंगा खरखरला. “बाया-बापे हो, पानी येऊन राह्यलं. लेकरं घ्या, ढोरं सोडा, शायेकडे चढा.”

दारामागे करुणाचा श्वास मला ऐकू येत होता. दुसरी हाक आली, पहिल्यासारखीच, शब्दाला शब्द. मग थोडा वेळ काहीच नाही. तो वेळ मला फार लांब वाटला. वाटलं, यंत्र अडकलं. आणि मग तिसरी हाक आली. जवळून आली असं वाटलं, जरा खालच्या पट्टीत. वाऱ्याचा परिणाम असेल, असं मी म्हटलं.

कडी निघाली. करुणा उंबऱ्यावर आली आणि कपाळावर हात धरून तिनं नदीच्या दिशेनं सगळा जीव एकवटून साद दिली. “ओ माय. आली वो मी.” मग गल्लीतली दारं एकेक करून उघडली. कोणी लेकरू कडेवर घेतलं, कोणी गाय सोडली, आणि चाचणी आहे हे माहीत असूनही सगळी गल्ली शाळेच्या चढाला लागली. नाल्यापलीकडे तांड्यातून सोनीबाई काठी टेकत निघालेली दिसली. मी रडत होते. लपवायचं काही कारण नव्हतं.

डोळे पुसून मी ग्रामपंचायतीत गेले. आत्रामांचं अभिनंदन करायचं होतं. ते यंत्राचं झाकण उघडून घामाघूम बसले होते. मला बघून ओशाळले.

“माफ करा मॅडम, दोनदा वाजून बंद पडलं. तिसऱ्याचं अजून जमलं नाही. पाच मिनिटं द्या, सगळं पुन्हा लावतो.”

मी खुर्चीवर बसले. त्यांना म्हटलं, आरामात करा, घाई नाही. पाणी प्यायले. पेला खाली ठेवला. त्यांचं काम झाल्यावर मी यंत्र हळू आवाजात लावून स्वतः ऐकलं. तीन हाका, एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी.

त्या पावसाळ्यात धरणाचं पाणी सुटलं तेव्हा अख्खं गाव आणि तांडा पाण्याच्या आधी शाळेत होता. अहवालात माझा धडा छापून आला: ‘सूचना त्या गावाच्या रीतीनं, तीनदा द्यावी.’ दुसऱ्या जिल्ह्यातल्या यंत्रांवर तो गेला की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धाडस होत नाही.

पण त्या शनिवारी आम्ही निघायच्या आधी करुणा चहा घेऊन ग्रामपंचायतीत आली होती. चेहरा न्हाऊन निघाल्यासारखा स्वच्छ. आत्रामांना कप देता देता मला म्हणाली, “तिसऱ्या हाकेले मायचा आवाज थकल्यावानी वाटला, नाही का ताई?”

आत्रामांनी कप हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, “थकणारच गं. नाल्यापलीकडून यायचं होतं तिला.”